सह्याद्रीत ‘समाजकार्यासाठी’ ट्रेल शर्यती भरवणाऱ्या आयोजकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरू लागला की तुमच्या नोंदणीच्या जाहिराती यायला लागतात. सिंहगड–राजगड–तोरण्याची धार, लोणावळ्याच्या मागचे घाट, साताऱ्याकडचे डोंगर, भंडारदऱ्याच्या आसपासची पठारे. जिथे म्हणून मळलेली वाट आहे तिथे आता दहा, पंचवीस, पन्नास, शंभर किलोमीटरच्या शर्यती होऊ लागल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच जाहिरातींवर एक ओळ असते: ‘चांगल्या कामासाठी धावा’. हे पत्र त्या ओळीबद्दल आहे. ती लिहिली की आयोजकावर काही जबाबदाऱ्या येतात असे मला वाटते, आणि त्यांतली पहिली जबाबदारी ज्यांच्या डोंगरातून आपण धावतो त्या माणसांची आहे.

मी पुण्यात राहते. धावायला वेताळ टेकडीवर शिकले. कात्रज ते सिंहगड ही रात्रीची वाट पुण्यातल्या कुठल्याही डोंगरवेड्या माणसासारखी माझ्याही पायाखालची आहे. लांबच्या शर्यती मी निधी गोळा करूनच धावते, आणि ज्या हंगामात धावत नाही त्या हंगामात एखाद्या चेकपॉइंटवर पाण्याचे कॅन घेऊन उभी राहते. त्यामुळे बिब, म्हणजे धावपटूचा नंबर, छातीवर लावणाऱ्याची बाजू मला ठाऊक आहे आणि टेबलामागची दमछाकही. परवानग्यांसाठी तुम्ही किती खेटे घालता, शेवटचा धावपटू येईपर्यंत सगळ्यांच्या मागून येणारे स्वीपर रात्रभर कसे जागतात, हे मी जवळून पाहिले आहे. तुमच्याबद्दल मनात आदर आहे, म्हणूनच हे चार लोकांत मोकळेपणाने लिहिते आहे.

पैसेच द्यायचे तर सरळ द्यावेत, त्यासाठी डोंगरात धावायचे कशाला, असे मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारते. प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की आपल्याकडे मागणे फार अवघड असते. ओळखीच्या माणसाकडे पैशाचा विषय काढायचा तर जीभ अडखळते, समोरच्यालाही अवघडल्यासारखे होते. पण ‘डिसेंबरात पन्नास किलोमीटर धावणार आहे, किलोमीटरमागे दहा रुपये द्याल का?’ असे विचारले की बोलणे सोपे होते. मागणाऱ्याने आधी स्वतःचे काहीतरी घातलेले असते. पहाटेचा गजर, टेकडीच्या चढउताराच्या फेऱ्या, काळे पडलेले नख, रविवारी घरच्यांना न दिलेला वेळ, हे देणाऱ्याला दिसत असते. मग एरवी कुठल्याही संस्थेला पैसे न पाठवणारा माणूस पाचशे रुपये देतो आणि शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी आवर्जून फोन करतो, ‘पोचलीस ना नीट?’ त्या चौकशीत पुढची चौकशीही असते: पैसे पोचले ना नीट? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकते. दुसऱ्याचे उत्तर तुमच्याकडे असते.

अशा धावण्याला जगभर जो मान आहे तो काही माणसांनी कमावून दिला आहे. कॅनडाचा टेरी फॉक्स त्यांतला सर्वांत मोठा. कर्करोगामुळे उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापलेला हा एकविशीतला मुलगा एप्रिल १९८० मध्ये कृत्रिम पाय लावून देश ओलांडायला निघाला. रोज जवळजवळ एका मॅरेथॉनइतके अंतर कापत तो १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. रोग फुप्फुसांत पसरल्यामुळे थंडर बे शहराजवळ त्याला थांबावे लागले आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये तो गेला. देशातल्या दर माणसामागे एक डॉलर, एवढेच त्याने मागितले होते. ते त्याच्या हयातीतच पूर्ण झाले. २ कोटी ४० लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. आपल्या धावण्यावर कुणा कंपनीने स्वतःचा फायदा करून घ्यावा हे त्याला मान्य नव्हते. पैसा कर्करोगावरच्या संशोधनालाच जायला हवा होता. हे त्याने आधीच सांगून ठेवल्यामुळे रस्त्याच्या कडेला उभे राहून नोट पुढे करणाऱ्याला ती कुठे जाणार हे ठाऊक होते.

डोंगरवाटेवर निधी जमवण्याची रीत रुजली ती हाँगकाँगमध्ये. तिथल्या ब्रिटिश सैन्यातल्या गुरखा सैनिकांनी १९८१ साली सरावासाठी मॅकलेहोज ट्रेल या शंभर किलोमीटरच्या वाटेवर एक मोहीम सुरू केली. १९८६ पासून ती सर्वांना खुली झाली आणि गरिबीविरुद्ध काम करणाऱ्या ऑक्सफॅम या संस्थेने ती निधी उभारणीसाठी पुढे नेली. चौघांचा चमू, शंभर किलोमीटर, ४८ तास. पुढे हा उपक्रम बंगळूरजवळ झाला आणि आपल्या कर्जतच्या डोंगरांतही झाला. त्यात नोंदणीचे शुल्क वेगळे आणि चमूने जमवायचा निधी वेगळा असे. मुंबई मॅरेथॉन ही रस्त्यावरची शर्यत, तिचा पसाराही कितीतरी मोठा. पण निधी गोळा करण्याचे काम तिथे युनायटेड वे मुंबई या वेगळ्या संस्थेकडे आहे आणि कोणत्या संस्थेसाठी किती रक्कम उभी राहिली हे जाहीर होते. म्हणजे ही व्यवस्था आपल्याच राज्यात आहे, नव्याने शोधून काढायची नाही.

आता आपल्या डोंगरातल्या शर्यतींकडे वळते.

पन्नास किलोमीटरच्या शर्यतीचे शुल्क काही हजारांत असते. ते जास्त आहे असे मी म्हणत नाही. रुग्णवाहिका, डॉक्टर, धावपटूची वेळ नोंदवणारी टायमिंगची चिप, वाट दाखवणाऱ्या रिबिनी, डोंगरावर पाठीवरून वाहून न्यावे लागणारे पाणी, केळी, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, चिक्की, रात्रीचे जेवण, टी-शर्ट, मेडल, विमा या सगळ्याला पैसे लागतात. त्यावर आयोजकाने चार पैसे मिळवले तरी माझी हरकत नाही. चांगली शर्यत भरवणे हे कष्टाचे आणि कौशल्याचे काम आहे, त्याचा मोबदला घ्यावाच. माझे म्हणणे एवढेच की व्यवसाय आहे तिथे व्यवसाय म्हणा, आणि दान म्हणायचे असेल तर दानाचा आकडा सांगा. एका शर्यतीच्या पत्रकावर ‘शुल्काचा काही भाग गरजू मुलांच्या शिक्षणासाठी’ असे छापले होते. ‘काही भाग’ म्हणजे किती, असे मी विनम्रपणे विचारले. उत्तर आले की दरवर्षी भरघोस मदत केली जाते. मी पुन्हा विचारले, पुन्हा तेच उत्तर. ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून पैसे दिले त्यांच्यापुढे मी हे उत्तर कोणत्या तोंडाने ठेवू?

शुल्क आणि देणगी यांची सरमिसळ झाली की आणखी एक गोंधळ होतो, तो पावतीचा. धावण्याच्या मोबदल्यात भरलेले शुल्क ही देणगी नव्हे, त्यावर आयकरातली, ८०जी म्हणून ओळखली जाणारी देणगीची सवलत मिळत नाही. देणगी नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात जायला हवी, तिची पावती त्या संस्थेनेच द्यायला हवी आणि वर्ष संपल्यावर देणगीचे प्रमाणपत्रही तिनेच द्यायला हवे. दोन हजारांवरची रोख देणगी सवलतीला पात्र नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्यांना ही सवलत मुळातच नाही. हे आधी स्पष्ट सांगितले तर मार्चमध्ये होणारी कटकट टळेल. परदेशातल्या मराठी मंडळींचेही असेच. न्यू जर्सीतला भाचा किंवा लंडनमधली मैत्रीण आनंदाने पैसे पाठवायला तयार असते. त्यांचा पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसे स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत आले तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. मात्र त्यांनी तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, तर परदेशी देणगीच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला त्यांचे पैसे घेता येत नाहीत, मग हातात भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी. धावपटूला हे माहीत नसते. लहान संस्था यात अडकते आणि निस्तरायला तिच्याकडे ना माणसे असतात ना पैसा. नोंदणीच्या पानावर चार वाक्यांत हे लिहायला कितीसा वेळ लागतो?

हिशेबाबद्दल एवढे पुरे. ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले तो विषय पुढेच आहे.

रस्त्यावरच्या मॅरेथॉनला दुतर्फा माणसे असतात, ढोल असतात, टाळ्या असतात. ट्रेलवर कुणी नसते. राजगडाच्या संजीवनी माचीवरून, अळू दरवाजातून बाहेर पडून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणाऱ्या धारेवर तासन्‌तास माणूस दिसत नाही. दिसतो तो एखादा धनगरवाडा, दोन-चार म्हशी, अंगणात उभी असलेली मावशी. आपण छातीवर नंबर लावून धापा टाकत तिच्या अंगणातून जातो. ती विचारते, ‘पाणी देऊ का गं?’ उन्हाळ्यात तेच पाणी ती डोक्यावर हंडा घेऊन डोंगर उतरून आणते. जून ते सप्टेंबर झोडपून काढणारा पाऊस या मुलखात पडतो आणि मार्च लागला की झरे आटतात. तरी ती पाणी देते, ताक देते, वाट चुकलेल्याला खिंडीपर्यंत सोडायला पोराला धाडते. आमची शर्यत कुठल्या तरी चांगल्या कामासाठी असते. त्या चांगल्या कामात तिचे नाव कुठे असते?

ज्या वाटेवर आपण धावतो ती मुळात कुणी केली, हाही विचार करावा. सह्याद्रीत वाट एकदा केली आणि कायमची राहिली असे होत नाही. दोन पावसाळे कुणी फिरकले नाही तर कारवी आणि घाणेरी वाट गिळून टाकतात, घसाऱ्याखाली वळणे बुजतात, ओढा कडेची माती ओढून नेतो. वाट उघडी राहते ती रोजच्या पायांमुळे: बाजाराला उतरणारी माणसे, शाळेला जाणारी मुले, गुरे, देवाला जाणारे गावकरी. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या जुन्या नाळा आणि घाटवाटा वापर थांबल्यावर कशा नाहीशा होतात हे जुने ट्रेकर सांगतील. धनगरवाडा उठून खाली गेला की त्याच्या वरची वाट काही वर्षांत नुसती आठवणीत उरते. आपण नोंदणीचे पैसे घेतो त्या ‘रूट’ची देखभाल ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत, आणि त्याचे त्यांना कुणी काही दिलेले नाही.

तिसरी गोष्ट जिवाची आहे. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात बाययिनजवळ शंभर किलोमीटरची डोंगरी शर्यत होती. १७२ धावपटू होते. डोंगरावर अचानक गारा, गोठवणारा पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुटला, आणि २१ जण थंडीने दगावले. त्यांत त्या देशातला अव्वल अल्ट्रा (मॅरेथॉनहून लांब अंतराचा) धावपटू लियांग जिंगही होता. त्या दिवशी सहा जण वाचले ते झू केमिंग या मेंढपाळामुळे. वादळ आल्यावर तो आपल्या नेहमीच्या गुहेत शिरला होता. बाहेर कुणीतरी थरथरत उभे दिसले तसे त्याने त्यांना आत घेतले, शेक दिला, गोधड्या पांघरल्या, मग बाहेर जाऊन आणखी काहींना आणले. टायमिंगच्या चिपा होत्या, जीपीएस होते, आणि जीव वाचवला तो डोंगर ओळखणाऱ्या एका माणसाने.

आपल्याकडे हिमवादळ होणार नाही. पण दुपारच्या उन्हात कातळावर चक्कर येते, आग्या मोहोळ उठते, घसाऱ्यावर पाय मुरगळतो, गवतात फुरसे असते. तेव्हा सगळ्यांत आधी जवळच्या वाडीतला माणूस पोचतो, आणि त्याच्या मागोमाग दोर आणि स्ट्रेचर घेऊन बचावपथकाची मुले. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स आणि त्यांच्यासारखी गावोगावची पथके ही आपापल्या नोकऱ्या-धंदे सांभाळून निघणाऱ्या माणसांची आहेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, पायवाट होती. भर पावसात, चिखलातून, अंधारात वर चढणाऱ्यांत एनडीआरएफच्या जवानांबरोबर अशी स्थानिक पथकेही होती. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण सापडलेच नाहीत. ज्या पायांनी आपण मेडल मिळवतो तसल्याच पायांनी ही माणसे त्या रात्री वर गेली. त्यांना लागणारे दोर, हार्नेस, घडीचे स्ट्रेचर, हेडलॅम्प, वॉकी-टॉकी यांतली बहुतेक सामग्री आपण शर्यतीत वापरतो तिच्याच जातीची आहे. डोंगरात धावून जमवलेल्या पैशावर त्यांचा हक्क सगळ्यांत आधी असायला नको का?

दूरच्या कामांसाठी निधी जमवायला माझा विरोध आहे असे कृपा करून समजू नका. कर्करोग झालेली मुले, अंधांची शाळा, दुष्काळी गावातली पाणलोटाची कामे, यांसाठी मी स्वतः धावले आहे आणि पुढेही धावेन. कुणी कशासाठी धावावे हे ज्याचे त्याने ठरवावे. धावपटूने आपल्या मनाने निवडलेल्या संस्थेसाठी जमवलेला पैसा तिथेच जावा, त्यातला रुपयाही दुसरीकडे वळवू नये. मी बोलते आहे ते तुमच्या शुल्काबद्दल आणि शर्यतीच्या नावाने जमा होणाऱ्या प्रायोजकांच्या पैशाबद्दल. त्यातला ठरावीक वाटा, माझ्या मते किमान दहा टक्के, वाटेवरच्या वाड्या, पायथ्याची गावे आणि त्या परिसरातले बचावपथक यांच्यासाठी आधीच बाजूला काढावा. नफा उरला तर देऊ, असे नको. रुग्णवाहिकेचा खर्च जसा अंदाजपत्रकात पहिल्या दिवशी लिहिता तसा हाही लिहावा.

तो द्यायचा कसा, हे देण्याइतकेच महत्त्वाचे आहे. शर्यतीच्या आदल्या दिवशी शाळेच्या अंगणात मुलांना रांगेत उभे करून, मागे प्रायोजकाचा फलक लावून, हातात वह्या आणि दप्तरे देत फोटो काढायचे, ही पद्धत मला सहन होत नाही. ती मुले ज्या चढावरून रोज शाळेत येतात तो आपल्यातल्या कित्येकांना हातात पोल्स (चढणीच्या काठ्या) घेतल्याशिवाय चढता येत नाही. त्यांच्यासमोर दाते म्हणून उभे राहण्याआधी आपण जरा थांबावे. गावाला काय हवे ते गावाला विचारावे. ग्रामसभेत जावे, आणि पुढच्या रांगेत बसलेल्या पुढाऱ्यांचे ऐकून झाले की मागे बसलेल्या बायकांनाही विचारावे. बहुतेक ठिकाणी उत्तर पाण्यापासून सुरू होईल. झऱ्याभोवती बांधकाम, टाकी, वाडीपर्यंत पाइप, अशी कामे एका हंगामात होत नाहीत. म्हणून एकाच वाडीशी पाच-सात वर्षे बांधून घ्यावे.

दुसरे उत्तर बहुधा दवाखान्याचे असेल. रस्ता नसलेल्या वाड्यांतून आजही आजारी माणसाला, बाळंतिणीला झोळी करून खाली आणावे लागते. साप-विंचू चावल्यावर वेळ हीच सगळ्यांत मोठी अडचण असते. याच सह्याद्रीच्या पलीकडे महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि असंख्य जीव वाचले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. औषध आहे, ज्ञान आहे. रुग्ण वेळेत खाली पोचला पाहिजे. प्रत्येक वाडीत एक घडीचे स्ट्रेचर, प्रथमोपचाराचे नीट प्रशिक्षण घेतलेली चार तरुण मुले-मुली, प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचे प्रतिविष आहे की नाही याची पावसाळ्याआधी केलेली चौकशी. ही फार खर्चाची कामे नाहीत. तुमच्या एखाद्या शर्यतीच्या टी-शर्टांच्या खर्चात यातले पुष्कळसे होईल. मला आणखी टी-शर्ट नको आहेत. ज्यांच्याबरोबर मी धावते त्यांतल्या बहुतेकांची कपाटेही भरलेली आहेत. नोंदणी करतानाच ‘टी-शर्ट नको, ती रक्कम वाडीला द्या’ असा पर्याय ठेवून पाहा, किती जण तो निवडतात ते तुम्हालाच दिसेल.

मजुरी आणि मदत यांची गल्लत मात्र करू नका. वाट साफ करणे, रिबिनी लावणे, रात्री खिंडीत कंदील घेऊन बसणे, पिठले-भाकरी रांधणे, पाणी वर वाहून नेणे ही कामे गावकऱ्यांकडून करून घेता तेव्हा त्याचे रोख आणि चांगले दाम द्यावे, त्याच दिवशी द्यावे, आणि ते ‘ग्रामविकासाला मदत’ म्हणून अहवालात दाखवू नये. शहरातल्या टायमिंग कंपनीचे बिल आपण खर्चात धरतो, मग भाकरी करणाऱ्या ताईंचे पैसे दानात का धरावेत? एड स्टेशनवर, म्हणजे वाटेतल्या खाण्यापिण्याच्या थांब्यावर, शहरातून नेलेल्या बाटलीबंद सरबताऐवजी वाडीतले ताक विकत घ्या. धावपटूच्या पोटालाही तेच मानवते.

वाटेच्या डागडुजीबद्दल थोडेसे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत राजगड आहे, लोहगड आहे, शिवनेरी आणि साल्हेरही आहे. गर्दी वाढतच जाणार. शेकडो धावपटू एकामागून एक उतरतात तेव्हा वळणे टाळून सरळ खाली उड्या घेतल्या जातात, आणि पुढच्या पावसात त्याच ओळीतून माती वाहून जाते. सड्यांवर आणि माळावर जमिनीवरच घरटी करणाऱ्या टिटव्या, चंडोल यांचाही विचार हवा. दर बिबमागे थोडी रक्कम वाटेसाठी वेगळी ठेवावी, पावसाळ्यानंतर स्थानिकांना मजुरी देऊन माती अडवणाऱ्या दगडी अडण्या घालून घ्याव्यात, रिबिनी आणि धावताना खायच्या जेलची पाकिटे उचलून आणण्याचे काम स्वीपरच्या मागे आणखी एक फेरी करून पुरे करावे. वनखाते आणि पुरातत्त्व खाते यांच्या परवानगीच्या अटींत हे नसले तरी करावे.

माझ्या बाजूने काय करणार तेही सांगते. यापुढे कुठल्याही शर्यतीची नोंदणी करण्याआधी मी तीन गोष्टी लेखी विचारीन: शुल्कातून दानाला जाणारी नेमकी रक्कम, ती घेणाऱ्या संस्थेचे नाव आणि नोंदणी, आणि मागच्या वर्षी वाटेवरच्या गावांना व बचावपथकाला काय दिले. ज्यांच्याकडून मी किलोमीटरमागे दहा रुपये घेते त्यांना मिळालेली उत्तरे जशीच्या तशी पाठवीन. उत्तर आले नाही तर त्या वर्षी ती शर्यत नाही. त्या दिवशी मी तीच धार शर्यतीविना पार करीन, आणि शुल्काचे पैसे थेट पायथ्याच्या बचावपथकाला देईन. माझ्याबरोबर सराव करणाऱ्या मैत्रिणींशी बोलणे झाले आहे. त्यांतल्या बऱ्याच जणी याला तयार आहेत.

तुमच्यातले काही जण यातले पुष्कळसे आजही करतात, गाजावाजा न करता. त्यांना विनंती की तुमचा हिशेब इतरांना दिसेल असा ठेवा, म्हणजे नव्याने शर्यत सुरू करणाऱ्यांना नमुना मिळेल. ज्यांच्याकडे हिशेब ठेवायला माणूस नाही त्यांनी सांगावे. मी आणि माझ्या ओळखीचे दोन सनदी लेखापाल, दोघेही धावपटू, हे काम विनामूल्य करायला तयार आहोत. गावांशी बोलणी करायला सोबत हवी असेल तर रविवारी येऊ.

डिसेंबरच्या शर्यतींची नोंदणी सुरू होण्यापूर्वी आपण सर्वांनी एकत्र बसावे असे मी सुचवते. पुण्यात नको, पायथ्याच्या वेल्ह्यात किंवा गुंजवण्यात बसू, म्हणजे वाडीतल्या लोकांनाही येता येईल. तारीख तुम्ही ठरवा, आणि या पत्राचे उत्तर जसे मी लिहिले तसेच जाहीर द्यावे.

आपली,
पुण्यातली एक ट्रेल धावपटू